घोंगडीचा विलायती भाऊ

पावसाळ्यात रेनकोट घालून शाळेला निघालं की पाऊस बाहेर राहतो खरा, पण आत घामानं अंघोळ होते! असं का होतं, ठाऊक आहे?

पूर्वी स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात चार्ल्स मॅकिन्टॉश नावाचे रसायनतज्ज्ञ होते. १८२३ साली त्यांनी दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देण्याच्या युक्तीचं पेटंट घेतलं. इंग्लंडमध्ये रेनकोटला ‘मॅक’ म्हणतात, ते त्यांच्याच नावावरून. पण हे रबर थंडीत ताठ व्हायचं, उन्हात चिकटायचं. शिवाय हवा खेळायला जागाच नाही, मग घाम जाणार कुठं?

थॉमस बरबेरी यांनी वेगळी वाट धरली. १८५६ साली, अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोक गावात कापडाचं दुकान काढलं. असं सांगतात की, तिथल्या मेंढपाळांचे अंगरखे मेंढ्यांच्या लोकरीतल्या तेलकटपणामुळे सहसा भिजत नाहीत, हे त्यांनी हेरलं. १८७९ साली त्यांनी आधी सूतच जलरोधक केलं आणि मग ते घट्ट विणलं. हेच गॅबर्डिन! पाऊस अडला, हवाही खेळती राहिली. १९११ साली दक्षिण ध्रुवावर सर्वांत आधी पोहोचलेल्या आमुंडसेन यांनीही गॅबर्डिनचे कपडे नेले होते.

आता आपल्या धनजच्या शिवारात या. मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगरदादांच्या खांद्यावर काय पाहिलंत? घोंगडी! लोकरीतला तोच तेलकटपणा, म्हणजे लॅनोलिन, इथंही कामी येतो. सणगर आणि खुटेकर कारागीर लोकरीच्या सुताला चिंचोक्याची खळ देऊन मागावर घोंगडी विणतात. पाऊस आला की तिची खोळ करून डोक्यावर घ्यायची. ओली झाली तरी ती ऊब देते, आणि रात्री तीच अंथरूण, तीच पांघरूण!

बरबेरींचं नाव आज जगभरच्या दुकानांवर झळकतं. घोंगडी विणणाऱ्याचं नाव मात्र कुठंच लिहिलेलं नसतं. म्हणून त्याची विद्या लहान ठरते का? मुळीच नाही. पण लिहून ठेवली नाही, तर ती विसरली जाईल बरं का!

तेव्हा आजी-आजोबांना विचारा: आपल्या घरात घोंगडी आहे का? कुणी विणली? कुठल्या बाजारातून आणली? मिळालेली माहिती वहीत लिहा. आणि हो, घोंगडीवर पाण्याचा एक थेंब टाकून पाहा, दुसरा सुती रुमालावर. कुठला थेंब आधी जिरतो?