वळिवाच्या मागावर

उष्णतेची लाट आणि तिच्यामागून येणारे वादळ ही एकाच प्रक्रियेची दोन टोके आहेत. या दोहोंवर नजर ठेवण्याचा छंद जगभर वाढतो आहे. तो शास्त्राच्या उपयोगी कसा पडतो आणि त्यात जिवाचा धोका कुठे असतो, याचा हा आढावा.

एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात पारा चाळिशीच्या पुढे सरकला, की माणसे दारे-खिडक्या लावून घेतात. हवामानाचा छंद जडलेल्यांचे खरे काम मात्र याच दिवसांत सुरू होते. सकाळच्या वाऱ्याची दिशा, हवेतील बाष्प, दुपारनंतर क्षितिजावर उगवणारे ढग यांची नोंद ते ठेवतात. पाश्चात्त्य देशांत गाडी घेऊन वादळाच्या मागे जाणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. पश्चिम बंगालमध्ये कालबैसाखीची छायाचित्रे टिपण्यासाठी बाहेर पडणारे हौशी गट गेल्या दशकात पुढे आले. महाराष्ट्रात मात्र बहुतेक निरीक्षक जागच्या जागी राहून आभाळ वाचतात.

हा केवळ विरंगुळा नाही. वळिवाचा एखादा ढग जन्मतो, बरसतो आणि विरून जातो, तो साधारण तासाभरात. त्याचा विस्तारही अनेकदा अवघ्या काही किलोमीटरचा असतो. एका शिवारात गारांचा खच आणि शेजारच्या गावात नुसता धुरळा, हा अनुभव शेतकऱ्यांना नवा नाही. राज्यात 'महावेध' प्रकल्पाखाली महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रे उभी राहिली, तरीही दोन केंद्रांच्या मधून एखादे वादळ नोंद न होता निसटू शकते. ही पोकळी माणसाचे डोळे भरून काढू शकतात.

उकाड्यातून ढग कसा जन्मतो?

सूर्य हवेला थेट फारसा तापवत नाही. तो जमीन तापवतो आणि जमीन हवेला. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते. परंतु केवळ उष्णता असली म्हणजे वादळ होते, असे नाही. उष्णतेच्या लाटेत बहुधा वरच्या थरांतील हवा खाली बसत असते. खाली येताना ती दाबली जाते, तापते आणि झाकणासारखी पसरून खालच्या हवेला वर जाऊ देत नाही. म्हणूनच लाटेच्या ऐन दिवसांत आभाळ बहुधा निरभ्र दिसते.

वादळासाठी आणखी दोन गोष्टी लागतात. पहिली बाष्प. ते बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून येते. दुसरी म्हणजे हवेला वर ढकलणारे काहीतरी निमित्त. उन्हाळ्यात विदर्भापासून दक्षिणेकडे, कर्नाटकच्या दिशेने, कमी दाबाचा एक लांबट पट्टा अनेकदा तयार होतो. त्याच्या एका बाजूने कोरडे, तर दुसऱ्या बाजूने दमट वारे येतात. जिथे ते भेटतात, तिथे हवा वर उचलली जाते आणि झाकण फुटते. बाष्पाचे पाणी होताना सुप्त उष्णता बाहेर पडते. तिच्या बळावर ढग अधिकच वर झेपावतो आणि बारा-पंधरा किलोमीटर उंचीपर्यंत पोहोचतो. तिथे वाट खुंटली, की त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा आडवा पसरतो.

मग उलटा प्रवास सुरू होतो. पावसाचे थेंब व गारा खाली येताना सोबतची हवा ओढून आणतात. वाटेत काही थेंबांची वाफ होते, त्यामुळे ही हवा थंड आणि जड होते, वेगाने जमिनीवर आदळते आणि चहूबाजूंना फाकते. पावसाआधी येणारा धुळीचा लोट आणि गार वारा, तो हाच. काही मिनिटांत पारा आठ-दहा अंशांनी उतरू शकतो. ढगाच्या पोटात वर-खाली हेलपाटे घालणाऱ्या गोठलेल्या थेंबांवर बर्फाची पुटे चढत जातात आणि त्यांच्या गारा होतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात दीर्घकाळ चाललेल्या गारपिटीने रब्बी पिके व फळबागांची मोठी हानी केली होती.

या वाऱ्याची ताकद शहरांनीही पाहिली आहे. १३ मे २०२४ रोजी मुंबईत धुळीचे वादळ आले आणि घाटकोपरमध्ये पेट्रोल पंपावर महाकाय जाहिरात फलक कोसळला. त्या दुर्घटनेत १७ जणांचा मृत्यू झाला.

आभाळ कसे वाचावे?

जाणकार निरीक्षक सकाळपासूनच काही खुणा शोधतात. मध्यम उंचीवर किल्ल्याच्या बुरुजांसारखे छोटे, उभे ढग दिसले, तर वरची हवा अस्थिर असल्याचे ते लक्षण असते. आदल्या दिवशीपेक्षा अंगाला चिकचिक अधिक जाणवली, तर बाष्प वाढले आहे. दुपारी फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या ढगांच्या कडा धारदार असतील, तर वाढ जोरात आहे. या कडा पुसट होऊन माथा तंतुमय दिसू लागला, की वर बर्फ तयार झाले आणि विजांची वेळ जवळ आली. तळाशी फळीसारखा काळा ढग पुढे सरकताना दिसला, तर थंड वाऱ्याचा झोत काही मिनिटांवर आला असे समजावे. याला आता उपग्रहाच्या चित्रांची आणि हवामान खात्याच्या डॉप्लर रडारची जोड मिळाली आहे. ही चित्रे संगणकावर व मोबाइलवर कुणालाही पाहता येतात.

मात्र रडारलाही मर्यादा आहेत. पृथ्वी गोल असल्याने दूरवर रडारचा किरण जमिनीपासून बराच उंच जातो. ढगाच्या तळाशी काय चालले आहे, हे त्याला दिसत नाही. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा 'स्कायवॉर्न' कार्यक्रमातून स्वयंसेवकांना प्रशिक्षण देते, ते याच कारणाने.

मोजमापाची शिस्त

हौशी निरीक्षणाचे मोल त्यातील शिस्तीवर ठरते. गच्चीच्या कठड्यावर ठेवलेला किंवा उन्हात उभ्या गाडीतील तापमापक ४८ अंश दाखवतो, तेव्हा तो हवेचे नव्हे, तर तापलेल्या काँक्रीटचे आणि पत्र्याचे तापमान सांगत असतो. हवेचे तापमान सावलीत, हवा खेळती राहील अशा झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून माणसाच्या छाती-डोक्याच्या उंचीवर मोजायचे असते. चूक यंत्राचीही असू शकते. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतील मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले आणि देशभर खळबळ उडाली. तपासणीअंती तेथील संवेदक तीन अंश जास्त दाखवत असल्याचे हवामान खात्याने स्पष्ट केले. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी नोंदलेला ५१ अंशांचा उच्चांक त्यामुळे अबाधित राहिला.

'लाट' या शब्दालाही ठरलेली व्याख्या आहे. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४०, किनाऱ्यावर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंश असावे लागते. ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त असेल तर लाट, त्याहून जास्त असेल तर तीव्र लाट मानली जाते. मैदानात पारा ४५ अंशांवर गेला तर सरासरीशी तुलना न करताही लाट धरली जाते. अर्थात धोका केवळ आकड्यात नसतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या खुल्या मैदानावरील सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला, तेव्हा त्या भागातील पारा चाळिशीच्या आतच होता. किनारपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होण्याचा मार्गच बंद होतो.

पावसाची नोंद त्यामानाने सोपी आहे. पर्जन्यमापक उघड्या जागी ठेवावा. जवळच्या झाडापासून किंवा भिंतीपासून त्याचे अंतर तिच्या उंचीच्या निदान दुप्पट असावे. रोज सकाळी साडेआठ वाजता, म्हणजे हवामान खात्याच्याच वेळी, मोजमाप घ्यावे. जोडीला वादळ कोणत्या दिशेने आले, किती वाजता सुरू झाले, गारा हरभऱ्याएवढ्या होत्या की लिंबाएवढ्या, हे टिपून ठेवावे. मोजलेच नाही तेव्हा 'शून्य' लिहू नये. ती जागा कोरी ठेवावी.

अशा वह्यांतूनच हवामानशास्त्र घडले आहे. ढगांना आज प्रचलित असलेल्या नावांचा पाया लंडनच्या ल्यूक हॉवर्ड यांनी १८०२ मध्ये घातला. ते व्यवसायाने औषधनिर्माते होते. जॉर्ज जेम्स सायमन्स यांनी १८६० मध्ये ब्रिटनमधील पर्जन्यनोंदी गोळा करण्यास आरंभ केला. १९०० मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या जाळ्यात तीन हजारांहून अधिक स्वयंसेवक होते. त्यांच्याच नावाचा पर्जन्यमापक भारतात वर्षानुवर्षे वापरला गेला.

पाठलागाची किंमत

या छंदाची दुसरी बाजूही आहे. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रेनो येथे सुमारे चार किलोमीटर रुंदीच्या चक्रीवाताने अचानक दिशा आणि वेग बदलला. वादळांचे अभ्यासक टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग यांचा त्यात मृत्यू झाला. समारास हे अत्यंत सावध संशोधक म्हणून ओळखले जात. अनुभवही वादळापुढे अपुरा पडतो, हे त्या दिवशी दिसले.

भारतात असे अक्राळविक्राळ चक्रीवात विरळ. येथे खरा मारेकरी आहे वीज. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०१९ ते २०२२ या प्रत्येक वर्षी देशात वीज पडून २,८०० हून अधिक माणसे दगावली. उघड्या रानात काम करणारे आणि पावसापासून बचावासाठी झाडाखाली थांबणारे तिला सहज बळी पडतात. गच्चीवर कॅमेरा लावून उभा असलेला हौशी निरीक्षकही याच रांगेत असतो.

त्यासाठी एक सोपा हिशेब आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर अंतर धरावे. हा अवधी तीस सेकंदांच्या आत आला, की पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत शिरावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे अ‍ॅप परिसरातील विजांचा इशारा देते. उन्हाबाबतही हाच विवेक हवा. भर दुपारची निरीक्षणे आडोशाला राहून आणि पाणी पीत राहूनच करावीत.

वळिवाच्या मागे धावण्याची गरज नाही. तो ज्या वाटेने येतो, त्या वाटेवर ठिकठिकाणी सुरक्षित जागी बसलेले, घड्याळ व पर्जन्यमापक हाताशी असलेले निरीक्षक असले, तर वादळाचा संपूर्ण प्रवास नकाशावर उभा राहतो. पुढच्या गावाला मिळणारी पंधरा-वीस मिनिटांची पूर्वसूचना जनावरे गोठ्यात घेण्यास, खळ्यावरचे धान्य झाकण्यास आणि झाडाखालून उठून घरात येण्यास पुरेशी असते.