शेणकिड्याचा संसार

पूर्ण वाढलेला हत्ती दिवसाकाठी सुमारे १०० किलो लीद टाकतो. कळप पुढे निघून जातो. मग या लिदीचे काय होते? श्रोतेहो, तिची विल्हेवाट लावणाऱ्यांतला एक मोठा कामकरी म्हणजे शेणकिडा.

भारतातील हत्तींच्या अरण्यांत आढळणारा ‘हेलिओकोप्रिस डोमिनस’ हा या कुळातला दांडगा भुंगेरा. लांबी सुमारे दोन इंच, अंग जड, डोके फावड्यासारखे पसरट आणि पुढचे पाय दातेरी. वासाच्या मागाने तो लिदीवर उतरतो. त्याचे काही भाईबंद शेणाची गोळी गडगडत दूर नेतात. हा मात्र लिदीच्या खालीच खोल बीळ खणतो. आत नेलेल्या लिदीचे मादी चेंडूएवढे गोळे वळते, त्यांना मातीचा लेप देते आणि प्रत्येकात एकेक अंडे ठेवते.

अंड्यातून निघालेली पांढरट, बाकदार अळी आपल्या घराच्या भिंती आतून खात वाढते. भिंतीला चीर पडलीच, तर स्वतःच्या विष्ठेचा गिलावा करून ती बुजवते. पुढे तेथेच ती कोशावस्थेत जाते आणि कोशातून भुंगेरा तयार होतो. पावसाने माती मऊ झाली, म्हणजे कवच फोडून तो वर येतो.

माशी शेकडो अंडी घालून मोकळी होते. एकेका पिलासाठी एवढे श्रम घेणाऱ्या शेणकिड्याची संतती मात्र मोजकीच असते. म्हणून त्याची हानी लवकर भरून निघत नाही. शिवाय ती त्याच्यापुरती राहत नाही. त्याच्यामुळे खत मातीत मुरते, बिया पुरल्या जातात आणि माश्यांची पैदास आटोक्यात राहते. ऑस्ट्रेलियात इंग्रज वसाहतकऱ्यांनी १७८८ मध्ये गुरे नेली. तेथील शेणकिडे कांगारूच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले. गाईगुरांचे ओले शेण कुरणांत तसेच साचू लागले. अखेर १९६८ पासून परदेशी शेणकिडे आणून तेथे सोडावे लागले.

आपल्याकडे अरण्याच्या कडेला चरणाऱ्या गुरांच्या शेणावरही अनेक जातींचे शेणकिडे जगतात. या गुरांना जंतांवर आयव्हरमेक्टिन दिले, की त्याचा अंश शेणात उतरतो आणि त्या शेणात वाढणाऱ्या अळ्यांचा बळी घेतो. औषध वाईट नव्हे. परंतु ते गरजेपुरतेच द्यावे आणि शेणातला अंश ओसरेपर्यंत गुरे रानात सोडू नयेत, एवढे पथ्य गोपालकांना सहज पाळता येण्याजोगे आहे.