धमनिकांना हुकूम कुणाचा?

1851 साली पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांनी सशाच्या मानेतली अनुकंपी चेता कापली आणि त्या बाजूचा कान ऊबदार झाला. पुढची पन्नास वर्षं शरीरक्रियाशास्त्रावर या प्रयोगाचा पगडा राहिला: धमनिका, म्हणजे बारीक धमन्या, चेतांचा हुकूम पाळतात. नंतरचं संशोधन पाहता मला ही समजूत अपुरी वाटते. रक्त कुठे किती जावं, याचा बराचसा निर्णय ती ऊती आणि तिथली धमनिकाच घेते. त्यासाठी धमनिकेच्या व्यासातला फरक जरासाच लागतो. पोआझय यांच्या काचनळ्यांवरच्या नियमानुसार प्रवाह व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. म्हणजे दाब तोच ठेवून नळी 19 टक्के रुंदावली की प्रवाह जवळजवळ दुप्पट. 1902 साली बेलिस यांनी दाखवलं की चेता तोडल्यावरही, आतला दाब वाढला की धमनी आपणहून आकसते. क्रोग यांनी मग स्नायूतल्या केशवाहिन्यांकडे लक्ष वळवलं. विश्रांतीत बहुतेक बंद असतात आणि श्रमात उघडतात, हे त्यांचं म्हणणं. 1920चं नोबेल या कामाला मिळालं. पुढे जिवंत स्नायू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर विश्रांतीतही बहुतेक केशवाहिन्यांतून रक्त वाहताना दिसलं. पण तेवढ्यावरून क्रोग यांचं काम मोडीत निघत नाही. मेंदूत केशवाहिनीचा अंतःस्तर, म्हणजे आतल्या पेशींचा थर, पोटॅशियमची वाढ ओळखतो आणि विद्युत संदेश रक्तप्रवाहाच्या उलट दिशेने धमनिकेपर्यंत पोचवतो. केशवाहिनी दार नसेल, पण बातमीदार नक्की आहे.

अंतःस्तराचं महत्त्व कळायला 1980 उजाडावं लागलं. फर्चगॉट आणि झवाद्झ्की यांनी सशाच्या महाधमनीचा अंतःस्तर खरवडला, तर अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनाने ती सैलावेना. त्यामागचा निरोप्या नायट्रिक ऑक्साइड वायू निघाला. महाधमनीवरून धमनिकेबद्दल बोलणं धाडसाचं, हा आक्षेप रास्त आहे. वाहिनी जितकी बारीक, तितका अंतःस्तराकडून स्नायूपेशींत पसरणाऱ्या विद्युत बदलाचा वाटा मोठा. निरोप्या बदलला, पण निर्णय भिंतीतच राहिला. यापेक्षा वजनदार आक्षेप रक्तदाबाचा: प्रत्येक ऊतीने मनाला येईल तितकं रक्त ओढलं, तर हृदय पुरं पडणार नाही. खरंच आहे. उभं राहताना दाब टिकतो तो चेतांमुळेच, आणि त्वचेवर तर त्यांचा अंमल मोठा. पण 1960च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं की आकुंचन पावणाऱ्या स्नायूत याच चेतांचा आवळण्याचा आदेश क्षीण होतो, विश्रांत स्नायूत मात्र तो तसाच लागू पडतो. चेता एकूण दाब राखतात. त्या मर्यादेत, काम करणारा स्नायू आपला वाटा स्वतः मिळवतो.