सोल्डर नव्हे, जोड तापवा

पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचं चित्र गेलं की घरातलं कुणीतरी उठून त्याच्या डोक्यावर थापट मारायचं आणि चित्र परत यायचं. पुष्कळदा यामागचं कारण अगदी साधं असे. आतल्या बोर्डवर एखाद्या जड, सतत तापणाऱ्या भागाच्या पायाभोवतीचं सोल्डर तापून-निवून तडकलेलं असायचं. थापटीने तो तडा तेवढ्यापुरता जुळायचा. दुरुस्तीवाले याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात.

टीव्हीला हा रोग जडायला वर्षं लागायची. नवशिक्याच्या हातून मात्र तसाच कच्चा जोड पहिल्याच दिवशी तयार होतो. सोल्डर म्हणजे गरम डिंक, अशी त्याची समजूत असते. तो सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर सोल्डर वितळवून घेतो आणि तो थेंब तारेवर नेऊन ठेवतो. थेंब चिकटल्यासारखा दिसतो, पण गोळी होऊन नुसता बसलेला असतो. सोल्डरमधलं कथील तांब्याशी संयोग पावून दोघांच्या मध्ये एक अतिशय पातळ थर तयार होतो, तेव्हा कुठे जोड धरतो. त्यासाठी तांबं स्वतः सोल्डरच्या वितळणबिंदूच्या वर तापलेलं हवं, आणि स्वच्छही हवं. आयर्न निवडण्यापासून ते पकडण्यापर्यंतचं सगळं या दोन अटींवरून ठरतं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत आयर्न मागितलं की पहिला प्रश्न येतो, ‘किती वॅटचं?’ जास्त वॅट म्हणजे जास्त गरम, असं आपण धरून चालतो आणि तिथेच घोटाळा होतो. हवेत धरलेलं २५ वॅटचं साधं आयर्नसुद्धा साडेतीनशे अंशांच्या आसपास पोहोचतं. फरक पडतो तो जोडाला टेकवल्यावर. जाड तार किंवा तांब्याचा मोठा पट्टा उष्णता शोषून घेतो, टोक निवतं, आणि ती तूट किती झटकन भरून निघेल हे वॅट सांगतात. रेझिस्टर, एलईडी, हेडफोनची तार यांना २५ वॅट पुरे. त्यासाठी ‘सोल्ड्रॉन’चं २५ वॅटचं आयर्न आपल्याकडे वर्षानुवर्षं वापरात आहे आणि सुरुवातीला ते घेण्यात काहीच चूक नाही. जाड वायरिंगला ६० वॅट किंवा त्याहून जास्त लागतात. खिसा परवानगी देत असेल तर तापमान ठरवता येणारं स्टेशन घ्यावं. त्यात वॅट भरपूर असतात, पण टोक नेमलेल्या तापमानावर थांबतं. शिसं असलेल्या सोल्डरला ३२० ते ३५० अंश ठीक पडतात.

माझ्या मते वॅटपेक्षा बिट, म्हणजे आयर्नचं टोक, महत्त्वाचं. नवशिका हमखास सुईसारखं टोकदार बिट उचलतो, कारण काम बारीक आहे. पण टोकदार बिट जोडाला जेमतेम एका बिंदूत टेकतं आणि उष्णता तेवढ्यातून जातच नाही. मग तो आयर्न दाबतो, तापमान वाढवतो आणि शेवटी बोर्डवरचं तांब्याचं पॅडच सुटून येतं. चपटं, स्क्रू-ड्रायव्हरसारखं दोन-अडीच मिलिमीटरचं बिट घ्यावं. बिट आतून तांब्याचं असतं. कथील ते हळूहळू विरघळवतं, म्हणून चांगल्या बिटवर लोखंडाचा मुलामा देतात. असं बिट काळं पडलं म्हणून कानस मारलीत तर मुलामा जातो आणि बिट कामातून जातं. आणि आयर्नचा प्लग तीन पिनांचाच असावा, अर्थिंगसकट.

सोल्डर वायर घेताना ६०/४० किंवा ६३/३७ मागावी. पहिला आकडा कथिलाचा, दुसरा शिशाचा. ६३/३७ बरोबर १८३ अंशांना एकदम वितळते आणि एकदम गोठते, त्यामुळे गोठताना हात हलून जोड बिघडण्याची भीती कमी. बिनशिशाची २१७ च्या पुढे वितळते आणि पसरायला कुरकुरते. युरोपने २००६ पासून उपकरणांमधल्या शिशावर निर्बंध घातल्यापासून कारखान्यांत तीच मुख्यतः चालते, पण शिकताना ती नको. जाडी २२ गेज, म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या आतबाहेर.

या तारेच्या पोटात पाइनच्या झाडाची राळ भरलेली असते. हा फ्लक्स. तांब्यावर चढलेला ऑक्साइडचा थर तो काढतो. कल्हईवाला कथील फिरवण्याआधी तापल्या भांड्यात नवसागर टाकायचा, तो याचसाठी. मात्र नवसागर किंवा अ‍ॅसिडचा फ्लक्स इलेक्ट्रॉनिक्सला लावू नये. तो मागे राहून तांबं खातो. काही महिन्यांनी जोडावर हिरवट बुरशी दिसते, ती त्याची करणी.

आता एक जोड करून पाहू. झिरो पीसीबीवर, म्हणजे नुसती भोकं आणि पॅड असलेल्या कोऱ्या बोर्डवर, रेझिस्टर बसवलाय, मागून त्याचा पाय वर आलाय. रेझिस्टर जुना असेल तर पाय ब्लेडने खरवडून घ्यावा. बिट ओल्या स्पंजवर पुसून त्यावर किंचित सोल्डर घ्यावं. वितळलेल्या सोल्डरचा हा ओलावा उष्णतेला वाट देतो. मग बिटची चपटी बाजू पाय आणि पॅड या दोघांनाही एकाच वेळी टेकवायची. सेकंदभर थांबायचं. सोल्डरची तार बिटला नाही, समोरच्या बाजूने पायाला लावायची. तांबं पुरेसं तापलेलं असेल तर सोल्डर आपण न सांगता पॅडभर धावतं आणि पायावर थोडं चढतं. आधी तार काढायची, मग आयर्न. एकूण दोन-तीन सेकंद. फुंकर मारायची नाही, भाग हलवायचा नाही. नीट जमलेला जोड चकचकीत असतो आणि त्याच्या कडा पॅडमध्ये उतरत जातात. वर गोळी फुगलेली दिसली किंवा पृष्ठभाग दाणेदार, मळकट दिसला, तर थोडा फ्लक्स लावून पुन्हा तापवावा. वरून आणखी सोल्डर ओतणं हा उपाय नव्हे, पण करतात सगळे तेच.

वर येणारा धूर शिशाचा नसतो, राळेचा असतो. पण तोही निरुपद्रवी नाही. राळेच्या धुराने कामगारांना दमा जडतो हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. खिडकी उघडी ठेवून डोकं बाजूला धरावं. शिसं पोटात जातं ते बोटांवरून. तेव्हा कामाच्या टेबलावर चहा-बिस्किट नको आणि उठताना हात साबणाने धुवावेत. आयर्न हातातून निसटलं तर पडू द्यावं, झेलायला जाऊ नये.

सरावासाठी नवं काही विकत घेऊ नका. भंगारात निघालेला रेडिओ किंवा एखादा बंद बोर्ड घ्या. त्यातले भाग सोल्डर खेचायच्या पंपाने काढा आणि परत बसवा. फक्त थेट मेन्सवर चालणाऱ्या उपकरणांना हात लावू नका. प्लग काढल्यावरही त्यांच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतका चार्ज उरतो. काम संपल्यावर बिट पुसून लख्ख करायचा मोह होतो, तो आवरावा. उलट बिटवर सोल्डरचा जाडसर थर चढवून मगच बटण बंद करावं, म्हणजे हवा बिटपर्यंत पोहोचत नाही आणि पुढच्या रविवारी ते काळं सापडत नाही.