बिबट्याचा फोटो काढलाय? मूळ फाइल डिलीट करू नका!

उसाच्या फडात बिबट्या दिसला की फोटो लगेच गावोगावच्या ग्रुपवर फिरतो. मग दोन प्रश्न येतात. फोटो खरा आहे का? आणि तो काढला कुणी?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतःहून काढलेल्या फोटोचा हक्क काढणाऱ्याचाच असतो. फोन साधा असला तरी चालतो, नोंदणीही लागत नाही. बातमीसाठी वापरायला कायद्यात मर्यादित सवलत आहे. पण जाहिरातीत कुणी तो न विचारता छापू शकत नाही.

मात्र फोटो आपलाच, हे दाखवायला पुरावा लागतो. मूळ फाइलमध्ये तारीख, वेळ, मोबाईलचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर ठिकाणही नोंदलेलं असतं. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की ही माहिती निघून जाते; 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर राहते.

हल्ली एआयनं बनवलेले बिबटेही फिरतात आणि त्या भीतीनं रात्रीचं पाणी द्यायलाही कुणी शेतात जात नाही. मूळ फाइल असेल तर वन कर्मचाऱ्यांना खातरजमा करणं सोपं जातं. म्हणून फॉरवर्ड करण्याआधी वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.

आणि हो, फोटोसाठी बिबट्याच्या जवळ अजिबात जाऊ नका.