पद्मिनी फियाटच्या टाइमलाइनमध्ये घ्यायची का?

तर मंडळी, फियाटची टाइमलाइन बनवायची तर आपली पद्मिनी त्यात धरायची का?

गाडी मुळात फियाट ११०० डी. प्रीमियरने ती १९६४ ला कुर्ल्यात बनवायला घेतली. १९७४ ला तिचं नाव पद्मिनी झालं. इटलीत ११०० केव्हाच, १९६९ ला बंद पडली होती. आपल्याकडे पुढे तीसेक वर्षं बनत राहिली. टॅक्सीवाले तर शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणायचे!

मी दोन कॉलम करतो: डिझाइन कुणाचं, बॅज कुणाचा. मग पद्मिनी हे मॉडेल प्रीमियरचं, पण फियाटच्या टाइमलाइनवर ११०० ची फांदी म्हणून दिसायलाच हवी. नाहीतर ११०० चं अर्ध्याहून जास्त आयुष्य गायब होतं.

अडतं ते ११८ एनईवर. बॉडी फियाट १२४ ची, इंजिन निसानचं. ती मी फक्त प्रीमियरकडे ठेवलीये. पटत नसेल तर भांडा.