हसणारे कोण, हसू कोणाचे?
बोलीभाषेतील विनोदाचे वर्म आणि ‘वस्त्रहरण’चा धडा

मुंबई – विनोद सर्वांना हसवतो असे म्हटले जात असले, तरी बोलीभाषेतील विनोदाला ते पूर्णपणे लागू पडत नाही. एकाच नाट्यगृहात एकाच वाक्यावर दोन प्रकारचे हसू उमटते. एक हसू त्या बोलीत वाढलेल्याचे, तर दुसरे ती बोली ‘गमतीशीर’ वाटणाऱ्याचे. या दोहोंमधील अंतर समजून घेण्यासाठी मालवणी रंगभूमीइतके बोलके उदाहरण नाही.

मराठी नाटक-चित्रपटांत दीर्घकाळ प्रमाण मराठी नायक-नायिकेच्या वाट्याला आली, आणि बोली घरगड्याच्या. मुंबईत कोकणातून आलेल्या घरगड्यांना सरसकट ‘रामा’ म्हणण्याची रीत होती. हाच रामागडी रंगमंचावर अवतरला, की त्याचा हेल ऐकूनच प्रेक्षक हसत. तेथे तो काय बोलला याला महत्त्व नव्हते; तो ‘तसा’ बोलला, हाच विनोद होता.

गंगाराम गवाणकर लिखित ‘वस्त्रहरण’ 1980 मध्ये रंगभूमीवर आले आणि हे समीकरण बदलले. गावातील हौशी मंडळी महाभारतावरील नाटक बसवतात आणि त्यांची त्रेधातिरपीट उडते, एवढेच कथानक. परंतु येथे गडी, मालक, सरपंच असे सारेच मालवणी होते. मच्छिंद्र कांबळी यांचा तात्या सरपंच घराघरांत पोहोचला. पु. ल. देशपांडे यांनी या नाटकाचे मनापासून कौतुक केले आणि पुढे त्याचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. कांबळी यांचे 2007 मध्ये निधन झाले.

नाटकातील विनोद कोणाला अधिक कळतो? ज्याने जत्रेत रात्रभर जागून दशावतार पाहिला आहे, पुरुषांनी केलेल्या स्त्रीभूमिका आणि ऐनवेळी रचलेले संवाद अनुभवले आहेत, त्याला रंगमंचावरील गोंधळात आपलेच गाव दिसते. मालवणीतील शिवीचेही तसेच आहे. परक्याला ती असभ्य वाटते. मात्र ‘रे मेल्या’ या हाकेत राग किती आणि जिव्हाळा किती, हे गाववाल्याला हेलावरूनच कळते. शब्दाचा अर्थ कोशात सापडेल, हेल सापडणार नाही.

लालबाग-परळच्या चाकरमान्यांसाठी ही केवळ करमणूक नव्हती. कचेरीत वा शाळेत बोली लपवणाऱ्याला तीच बोली तिकीट काढून, उजळ माथ्याने ऐकता आली. मराठवाड्याच्या बोलीबाबत असाच अनुभव प्रा. लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगाने दिला. विशेष म्हणजे हे दोन्ही प्रयोग त्या-त्या प्रदेशापुरते मर्यादित राहिले नाहीत. बाहेरच्या प्रेक्षकाला प्रत्येक शब्द कळला नसेल, पण फजिती ओळखीची होती.

अर्थात, धोका आजही टळलेला नाही. दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमांत आगरी, वऱ्हाडी वा मालवणी बोलणारे पात्र अनेकदा केवळ हेलासाठीच आणले जाते. त्याची पारख करण्याची कसोटी मात्र सोपी आहे. तोच संवाद प्रमाण मराठीत म्हणून पाहावा. प्रसंगातील गंमत शिल्लक राहिली, तर बोलीने विनोदाला रंग चढवला असे समजावे. काहीच उरले नाही, तर हसू विनोदाला नव्हे, माणसाला आले होते.